कुऱ्हाडीच्या आधी कडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा टीव्ही दुरुस्ती, गल्लीत ‘टीव्हीवाली ताई’ म्हणून ओळखली जाणारी, हा कागद स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल असा एकच माणूस आहे, तो भिंतीपलीकडे राहतो, आणि तो अकरा वर्षे माझ्याशी बोललेला नाही. येत्या सोमवारी डॉक्टर माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला दाखवायचा ही माझ्या दुकानाची रीत मी त्यांच्या कानावर घातली आहे. ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. मी त्यातून उठणार याबद्दल मला शंका नाही, तरी कागद केलेला बरा.

या कागदात ‘मालिका’ म्हणजे छोट्या गावातल्या अग्निशमन केंद्राची ती जुनी विनोदी मालिका समजावी. ‘साहेब’ म्हणजे केंद्राचे प्रमुख, आणि ‘घाई’ म्हणजे त्यांचा मदतनीस, ज्याला कुठे धूर दिसला की आधी कुऱ्हाड आठवायची. त्या गावात आग अशी कधी लागतच नसे. तरी दर गुरुवारी अर्धी गल्ली आमच्या दुकानात ती मालिका बघायला बसे, आणि पुढे कुठे भांडण झाले की “साहेबांनी काय केलं असतं?” असे विचारून ते मिटवायचे, अशी आमच्याकडे रीतच पडली. माझे अर्धे शहाणपण मालिकेतले आहे. उरलेले अर्धे शॉक बसून आले.

कलम पहिले. दुकान, त्यातली सोल्डरिंगची हत्यारे, मीटर आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या भाचीला द्यावे. ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. बापलेकीचे घर माझ्या भिंतीला लागून, पण त्याचा दरवाजा मागच्या रस्त्यावर, म्हणून बिचारी एवढी वर्षे रस्त्याने वळसा घालून माझ्याकडे काम शिकायला येते. तिने दुकानात काय विकावे यात कोणी नाक खुपसू नये. नाक खुपसायचेच असेल तर धूळ झाडून द्यावी.

कलम दुसरे, हेही भाचीसाठी. घाईने एकदा शेगडीच्या धुरावर पाणी मारून शाळेच्या बाईंचे स्वयंपाकघर बुडवले, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “नळी मीच सोडली.” त्या दिवसापासून मी एक नियम पाळला. सेट बिघडला म्हणून कोणी आणला आणि नुसता प्लग सैल निघाला, तरी मी तो आत नेला, उघडला, पुसला, पुन्हा बंद केला, आणि “आता बघा लावून” एवढेच म्हटले. पैसे घेतले नाहीत आणि चारचौघांत कोणाचे हसे केले नाही. त्या गिऱ्हाइकांपैकी एकजण खाली साक्षीदार म्हणून सही करणार आहेत. नाव सांगणार नाही. भाचीने हा नियम पुढे चालवावा.

कलम तिसरे. माझी शिडी समोरच्या इस्त्रीवाल्याकडे आहे. एका दिवसासाठी म्हणून नेली होती. तेव्हा त्याचे लग्न व्हायचे होते, आता त्याला सून आली. ती शिडी मी त्याला मृत्युपत्राने बहाल करते, म्हणजे निदान त्याला चोरट्यासारखी खाली मान घालून माझ्या दुकानावरून जावे लागणार नाही.

कलम चौथे. दुकानामागच्या खोलीतला मोठा सेट, लाकडी पेटीसकट, माझ्या धाकट्या भावाला द्यावा. तो सुतार आहे. ही पेटी त्याने उमेदीत, याच खोलीत बसून, दोन महिने खपून बनवली. दोन झडपांची दारे, कोरीव कड, काय विचारता! पूर्ण झाल्यावर आम्ही दोघे कौतुकाने ती दुकानात न्यायला उचलतो तो काय, दुकानाकडच्या दारातून ती जाईना. सुताराने दार मोजले नव्हते आणि मी त्याला मोजायला सांगितले नव्हते. आम्ही इतके हसलो की पेटी खाली ठेवावी लागली. तेव्हापासून ती तिथेच आहे. आतले सगळे पार्ट मी बदलले, पेटी मात्र तीच. ती फक्त आमच्या दोन घरांमधल्या मोठ्या दारातून जाऊ शकते.

ते दार मात्र बंद आहे. जुने सेट कोणी दुरुस्त करून घेईना, तेव्हा भाऊ म्हणाला होता, “ताई, दुकान बंद कर, मी पोसतो तुला.” मी म्हटले, “मला पोसणारा अजून जन्माला यायचाय.” तो प्रेमाने बोलला होता आणि मीही काही खोटे बोलले नव्हते. तरी त्याच संध्याकाळी त्याने आपल्या बाजूने दारावर आडव्या फळ्या ठोकल्या. तेव्हापासून अबोला. मात्र मालिकेचे जुने भाग लागले आणि माझ्याकडून आवाज कमी राहिला, की पलीकडून दारावर थाप पडते. मी आवाज वाढवते. एवढेच आमचे बोलणे.

म्हणून अट अशी: भावाने मधले दार उघडून पेटी न्यावी. न उघडल्यास पेटीचे करवतीने बरोबर मधोमध दोन तुकडे करावेत आणि दुकानाच्या दाराने बाहेर काढावेत.

मालिकेत घाई नेहमी कुऱ्हाड उगारायचा आणि साहेब त्याचा हात धरून आधी कडी वाजवायचे. “आत माणूस आहे, बाबा. तो उघडेल.” मी माझ्या परीने कडी वाजवत आहे. सोमवारच्या आधी मला त्याचा चेहरा बघायचा आहे, हे स्पष्ट लिहिते.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच खोलीत.

वरील मजकूर वाचून दाखवण्यासाठी वकीलबाई आल्या. टीव्हीवर मालिकेचा जुना भाग लागला होता. मी त्यांना मधल्या दाराला पाठ लावून बसवले आणि “मोठ्याने वाचा, मला कमी ऐकू येतं,” म्हटले. माझे कान ठणठणीत आहेत, हे वकीलबाईंना माहीत आहे. त्या घसा खाकरून चांगल्या खणखणीत आवाजात वाचू लागल्या. ‘मधोमध दोन तुकडे’ इथे पोचल्या आणि पलीकडे खिळे उपसल्याचा आवाज सुरू झाला. फळ्या पडल्या. दार उघडले. हातात पक्कड घेऊन धाकटा उभा. केस पार पांढरे झालेले. मला कोणी सांगितलेच नव्हते.

“माझ्या पेटीला करवत? डोकं फिरलंय का तुझं?”

“आत ये. जाहिराती चालू आहेत.”

तो आला. पेटीच्या कडेवरून बोट फिरवले.

“हे पॉलिश कोणी केलं? भिकार केलंय.”

“मीच.”

“वाटलंच.” मग टीव्हीकडेच बघत म्हणाला, “सोमवारी मी येतोय दवाखान्यात. वाद घालू नकोस.”

मी वाद घातला नाही. मला रडू आले. तेही लिहिते, कारण कागदात खरे तेच लिहावे.

धाकटा म्हणाला, “आण, साक्षीदार म्हणून सही करतो.” वकीलबाईंनी सांगितले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. तर तो म्हणतो, “मग पेटी नको, सही करू द्या.” त्याला खाली बसवले. आता पेटी कुठे न्यायचीच गरज नाही, ती इथेच राहील. खुर्च्या दोन लागतील.

करवतीची अट रद्द समजावी. तशी ती कधी लागू होणारच नव्हती. अख्ख्या गल्लीत करवत एकट्या धाकट्याकडेच आहे.

लिहून ठेवणार: टीव्हीवाली ताई (सही)

साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी (सही; प्लगबद्दल विचारू नये) २. डॉक्टर (तपासायला घरी आले होते; सही, झडप दाखवायचे कबूल)

ठिकाण: दुकानामागची खोली, मधले दार उघडे.
दिनांक: गुरुवार, मालिका सुरू असताना.