कल्पिता सज्ञान झाली

मढ, रविवार

ती. कुंदाताईस, धाकट्या दशरथचा पाया पडून नमस्कार.

तुझ्या गुडघ्याची सूज आणि भावोजींचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील. (फोनवर मी बोलायला लागलो की तू झोपतेस, म्हणून हा कागद.)

ताई, घरात मोठा घोटाळा झालाय. कल्पिता अठरा वर्षांची झाली. यात कसला घोटाळा, म्हणशील. अगं, ती जन्मल्यापासून मी तिच्या नावाने म्युच्युअल फंडात पैसे टाकतोय. मासळी मिळो न मिळो, हप्ता चुकवला नाही. (जानकीची पैठणी राहिली ती यामुळेच; दर दिवाळीला ती आठवण करून देते.) पोरीने टोपली उचलू नये, एसीत बसून कॉम्प्युटर बडवावा, एवढीच इच्छा. कॉलेजच्या फीसाठी पैसे काढायला तिला घेऊन फंडाच्या मालाडच्या ऑफिसात गेलो, तर तिथली मॅडम म्हणाली, "काका, मुलगी सज्ञान झाली. आता सही तिची. तुम्ही जरा बाहेर बसा." हप्ते भरणारा मी बाहेर कुंडीशेजारी, आणि आत एसीत कल्पिता!

पैसे तिच्या खात्यात आले, आणि आठवड्यात आमच्या ओटीवर एक यंत्र आलं. पाकिटांतली हवा काढून पाकिटं बंद करायचं. फी भरून उरलेल्या सगळ्या पैशांचं! बाईसाहेब कॉलेज सुटल्यावर सुका जवळा, बोंबील पाकिटांत भरून बोरिवलीच्या सोसायट्यांत विकणार. मी ओरडलो, "अगं, ते पैसे तुझ्या भविष्यासाठी होते!"

"मग पप्पा, मी काय भूतकाळावर उडवले?"

जानकी तोंडाला पदर लावून हसली. मी तीन दिवस अबोला धरला. कुणाच्या लक्षातच आला नाही, यंत्राचा आवाज एवढा.

चौथ्या दिवशी यंत्र बंद पडलं. चाळीस पाकिटांची ऑर्डर, आणि पोर रडकुंडीला आलेली. आता बोटीचं इंजिन खोलणारा माणूस मी, किती वेळ गप्प बसणार? खोललं, साफ केलं, चालू केलं. तिने मिठी मारली. हातांना बोंबलाचा वास. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं, ताई.

तुझा,
दशरथ

ता.क. तिने मला कामावर ठेवलंय. पगार विचारला तर म्हणाली, "आधी काम बघते ना."

ता.क. पत्राचं खरं कारण हे: हर्णैचा चाळीस किलो सुका जवळा पाठव. भाव तिच्याशीच बोल. मला व्यवहार कळत नाही, असं आमच्या ओटीवरच्या ऑफिसचं म्हणणं आहे.

ता.क. नातवाच्या नावाने पैसे टाकणार म्हणालीस, जरूर टाक. फॉर्मवर 'उद्देश' असा रकाना येईल. मी 'उच्च शिक्षण' लिहिलं होतं. तू तो रिकामा सोड.