वहीत न लिहिलेलं जेवण

तुझ्या एका सवयीपायी परवा दवाखान्यात मी खोटारडी ठरले. तिथे पेशंटचं खाणंपिणं बघणारी, माझ्या नातीएवढी पोरगी, गळ्यात ओळखपत्र, हातात माझी वही, आणि मला म्हणते, "आजी, यात सगळं लिहिलेलं नाही." सून शेजारी बसलेली. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघतायत. आयुष्यात मी कुणाचं काही चोरलं नाही, आणि या वयात भाकरीवरून पकडली गेले. हे तुझ्यामुळे झालं, बाई. आई असून तुला सगळे बाईच म्हणायचे, मीही. म्हणून आज लिहायला बसलेय. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात जमेल तसं वाच.

माझे गुडघे गेलेत. आम्ही पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, जिना उतरायला मला सुनेचा खांदा लागतो. खांदा चांगला आहे तिचा, पण तो तिचा आहे. मला भाजीबाजारात एकटीने जायचंय, मेथीची जुडी स्वतः उलटीपालटी करून घ्यायचीय आणि भाजीवालीशी भांडायचंय. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा, साखर आटोक्यात आणा. आणि पाठवलं या डॉक्टरीणबाईंकडे. त्या वजनाच्याच डॉक्टर आहेत. असेही डॉक्टर असतात आता. तुझ्या वेळेला वजन फक्त धान्याचं करायचे.

डॉक्टरीणबाई चांगली आहे, घाई करत नाही. तिने समोर सगळं मांडलं. नुसतं खाणं सुधारून आणि चालून बघता येईल, पण तुमचे गुडघे चालू देणार नाहीत. गोळ्या आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, त्याने भूक कमी होते. पोट लहान करायचं ऑपरेशनही असतं. मी म्हटलं, पोटाला कात्री नको, त्यातून चार पोरं निघालीत, पुष्कळ झालं. ती हसली. मग इंजेक्शन ठरलं. पेनासारखं असतं, सुई केसाएवढी. फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवतो. शुक्रवारी सून बेंबीपासून दोन बोटं लांब टोचते आणि विचारते, "आई, दुखलं का?" मी म्हणते, "तुझ्या बोलण्यापेक्षा कमी." पण नुसत्या सुईने भागत नाही म्हणे. खाल्लेलं वहीत लिहायचं, सावकाश जेवायचं, पोट भरलं की थांबायचं.

थांबायचं! तू मला सगळं शिकवलंस, हे एवढं सोडून.

दोन महिने झाले, वजन म्हणावं तसं हलेना. वर उलट्या. वही बघून डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडली. एवढं कमी खाऊन असं का? म्हणाली, तुम्हाला हे औषध सोसत नाही असं दिसतंय, बंद करावं लागेल. माझ्या पायाखालचा जिनाच सरकला. औषध बंद म्हणजे ऑपरेशन नाही, म्हणजे मरेपर्यंत सुनेचा खांदा. तेवढ्यात त्या पोरीने विचारलं, "आजी, सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओटा कोण आवरतं?"

"मीच. हिला कामावर जायचं असतं."

"मग पातेल्यात उरलेलं?"

"ते संपवते."

"म्हणजे खाता."

"खात नाही गं, आवरते. खाणं ताटात असतं."

सून तोंडाला पदर लावून हसायला लागली, पदर नव्हता तरी. आणि पोरगी एकेक विचारत गेली, मी सांगत गेले. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी. नातीने बाजूला सारलेला वरणभात. तव्यावर राहिलेली शेवटची भाकरी, कारण तिच्यासाठी दुसरा डबा कोण काढणार. उसळीचं पातेलं पुसून. सगळं लिहून झालं तेव्हा ते माझ्या वहीतल्या जेवणापेक्षा जास्त भरलं. मी खोटं लिहिलं नव्हतं, बाई. मला ते खाणं वाटलंच नव्हतं कधी. सुईने पोट भरलेलं आणि मी वरून कोंबत होते, मग उलट्या होणार नाहीत तर काय. औषध राहिलं, पण डॉक्टरीणबाईने बजावलं, "आजी, तुमचं पोट म्हणजे घरातला डबा नाही."

रिक्षातून येताना मला तुझी ओझरची खानावळ दिसत राहिली. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, चुलीच्या धुराने काळी झालेली भिंत. विमानाच्या कारखान्यातली माणसं पाळी सुटली की सायकली भिंतीला टेकवून रांगेने बसायची. तू भाकरी थापतेस, मी वाढते. माझं परकर-पोलकं पिठाने पांढरं. "अजून एक घ्या हो दादा," असं तू आतूनच ओरडतेस आणि माणूस नको म्हणायच्या आत भाकरी ताटात पडते. मग सगळे उठून गेले की तू पातेलं मांडीत घेऊन बसायचीस आणि भाकरीच्या तुकड्याने ते असं पुसायचीस की घासायचं कामच उरू नये. एकदा मी करपलेली आमटी मोरीत ओतली. तू मारलं नाहीस. नुसतं म्हणालीस, "कुणाच्या तोंडची ओतलीस?"

लग्नात तू मला तेच पितळी पातेलं दिलंस. सून म्हणते त्यात कढीपत्ता लावू. मी म्हटलं, मी मेल्यावर लाव.

काल पहिल्यांदा उरलेला भात ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. झाकण लावलं. दोनदा उघडून बघितलं. सकाळी घंटागाडी आली तेव्हा सून म्हणाली, "आई, आजपासून मीच मापात करते, उरणारच नाही." मी म्हटलं, "उरू दे. मला टाकायला शिकायचंय." सून बरी आहे. तिला सांगणार नाही.

आणि एक नवल सांगते. आता मला खरंच भूक नसते. भाकरी समोर असते, लोणी असतं, आणि आतून कुणी हाकच मारत नाही. सुनेने आग्रह केला की मी म्हणते, "मला भूक नाही." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मीच दचकले, कारण तो आवाज तुझा होता. तू रोज म्हणायचीस. कुणी जेवायला उशिरा आला, भाकरी कमी पडली, की "मला भूक नाही." आम्हाला वाटायचं, मोठ्या बायकांना नसेल लागत. तू काडीसारखी गेलीस आणि मी पिंपासारखी झाले, आणि दोघी एकच वाक्य बोलतोय. तुला तर कुणी सुई टोचली नव्हती.

हा कागद टाकायला पेटी नाही. दवाखान्याच्या फाइलमध्ये चिठ्ठ्यांखाली घालून ठेवते. पण एक कबूल करते, ते कुणाला सांगितलेलं नाही. मी नऊ वर्षांची असेन. कोनाड्यात ताटलीखाली तुझी भाकर आणि ठेचा झाकून ठेवलेलं होतं, ते मी खाल्लं आणि मांजराचं नाव सांगितलं. तू झाडू घेऊन त्या मांजराला गल्लीभर पळवलंस, परत आलीस, तांब्याभर पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "बरं झालं, मला भूकच नव्हती." मग भांडी घासायला बसलीस.

तर त्या दिवशी भूक होती की नव्हती, तेवढं सांग. मावशी आता तिकडे तुझ्याजवळच असेल, आणि तुझ्या वतीने गोड बोलायची तिला खोड आहे. तिला गप्प बसव. उत्तर तू द्यायचंस, तुझ्या तोंडाने.