नरडाण्यातला तपास

आदरणीय तोतारामभाऊ यांना त्यांच्या दमलेल्या दाजींचा धुळ्याहून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे चालते-बोलते आहोत. तिकडे जळगावात आपली प्रकृती, वहिनींचा गुडघा आणि केळीची बाग ही तिन्ही या उन्हात तग धरून असतील, अशी आशा करतो. (केळीला निदान पाणी मिळते, गुडघ्याला नुसतेच तेल, हे लक्षात असू द्यावे.) हाताशी फोन असताना पत्र का, असे आपण म्हणाल. आमच्या घरात फोनवर हळू बोलले की आपली भगिनी टीव्हीचा आवाज बंद करते, म्हणून. शिवाय जन्मभर पोरांना पत्रलेखन शिकवले, तो मायना कुठेतरी खर्ची पडायला हवा.

तर त्या टीव्हीचेच सांगतो. हिवाळ्यापासून आपली पुष्पा एका मालिकेच्या नादी लागली आहे. तीत एक खासगी गुप्तहेर आहे, विश्राम दळवी नावाचा. काळा चष्मा लावून गाडीत बसतो, पेपराआडून माणसे पाहतो आणि भाग संपायच्या आत खुनी पकडतो. शेजारच्या रहिमाबी तिन्हीसांजेला वाती वळायला नेमाने येऊन बसतात (आमच्या वाती, त्यांचे हात, वर्षानुवर्षांची पद्धत आहे), आणि दोघी मिळून जाहिरातींच्या वेळात पुढचे ओळखून मोकळ्या होतात. ही विद्या मग माझ्यावर चालते. परवा मी घरात पाऊल टाकले तर रहिमाबी म्हणाल्या, "पुष्पाताई, मास्तर शेवभाजी खाऊन आले. मिशी बघा, लाल आहे." मला तेल वर्ज्य आहे. आमच्या काळी घरातली माणसे दिवेलागणीला कविता म्हणत, चाल चुकली तर आतून आजोबा दुरुस्त करीत. आता मिशा तपासतात. असो.

आपण आमच्या नातीसाठी, रूपासाठी, नरडाण्याचे स्थळ सुचवलेत आणि इथून माझे दिवस फिरले. मुलगा ललित तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, वडील मगनभाऊ शेती पाहणारे, घर नीटनेटके. एरवी आपल्याकडे चौकशी कशी होते, चार नात्यातल्यांना विचारले, संपले. पण पुष्पा म्हणाली, नात्यातले सगळे गोडच बोलतात, तुम्ही गुपचूप जा आणि दळवीसारखे पाहून या. मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात मागच्या अंगणात कपडे वाळत घालता घालता रूपाने मला बाजूला घेतले. आपल्याला ठाऊक आहे, तिचे बी.फार्मसीचे शेवटचे वर्ष आहे, रोज शिरपूरची एसटी करते. म्हणाली, "नाना, मला पुढे शिकायचंय. आजीला सांगितलं तर ती म्हणते नखरे करते. पप्पा दीपनगरहून फोनवर म्हणतात, आई म्हणेल ते. तुम्ही जाताच आहात तर त्या मुलात काहीतरी खोट काढा ना." लहानपणी माझ्या मांडीवर बसून अख्खी कविता न अडखळता म्हणणारी पोर ती. मी शब्द दिला.

मोतीबिंदूच्या वेळचा काळा चष्मा शोधला, पेपर घेतला आणि नरडाण्याला चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. भाऊ, त्या दळवीचे एक बरे आहे, त्याला कोणी गाव विचारत नाही. माझा पेपर उघडायच्या आत शेजारच्या गृहस्थाने विचारले, "कोणता गावना शे आबा?" मी खोटेच गाव सांगितले. मग "कोणाकडचे?" म्हणून मी खोटेच आडनाव सांगितले. तर त्या गावात त्या आडनावाचे त्याचे मामेसासरे निघाले! मी काही बोलायच्या आत नाते ठरले, माझ्या चहाचे पैसे दिले गेले, आणि "पाव्हणा उन्हात टपरीवर बसतो का" म्हणून मला हाताला धरून घरी नेण्यात आले. ओसरीवर गेल्यावर कळले की हेच मगनभाऊ. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच घरी मी पाटावर बसलो होतो, आणि समोर भरीत आणि कळण्याची भाकरी होती. (भरितात तेल होते. पुष्पाला सांगू नये.)

तरी मी कर्तव्य सोडले नाही. ललित पाळी संपवून आला. मी चष्म्याआडून त्याला न्याहाळले. पाय धुतले, आईला हाक मारली, माझ्या ताटात भाकरी वाढली. तंबाखू नाही, गुटखा नाही, आवाज चढा नाही. मी फार निराश झालो. शेवटी म्हटले, कवितेत रस नसेल, तीच खोट धरू. म्हणून पावसाळ्यात शाळेच्या गळक्या वर्गात शिकवायचो ती कविता म्हणायला सुरुवात केली. कविता त्याला येत नव्हती, पण पोरगा जांभई न देता ऐकत राहिला. इतक्या वर्षांत असा श्रोता मिळाला नव्हता हो. माझे डोळे भरून आले, चष्मा काढावा लागला, आणि ओघात मी बोलून गेलो, "हे कडवे आमची रूपा फार सुंदर म्हणते. बी.फार्मसीला आहे, धुळ्याहून रोज शिरपूरला जाते."

मगनभाऊंचा हात थांबला. "म्हणजे तोतारामभाऊंनी सांगेल पोरगी? तुम्ही तिचे आजोबा?"

मला वाटले, आता हाकलतात. पण ती माणसे हसत सुटली. मगनभाऊ म्हणाले, "मास्तर, सरळ यायचं ना! आपलं घर शे." मी खजील होऊन पुढचे कडवे धरले (आरंभलेली कविता अर्ध्यावर टाकायची नाही, हा माझा नियम), आणि तेवढ्यात ते आतून टोपी, टॉवेल आणि नारळ घेऊन आले. आपल्याकडे सोयरिकीची बोलणी चालू असताना मुलीकडच्या वडीलधाऱ्याने मुलाकडची टोपी स्वीकारली की सोयरीक पक्की, हे मी आपल्याला सांगायला नको. पण मी जन्माचा मास्तर. सेवानिवृत्ती, गॅदरिंग, वाचनालयाचा वर्धापनदिन, इतके सत्कार झाले आहेत की नारळ दिसला की माझी मान आपोआप खाली वाकते. ती वाकली. कविता संपली तेव्हा टोपी डोक्यावर होती आणि मगनभाऊंच्या मंडळी सर्वांना साखर वाटत होत्या.

येताना एसटीत टोपी, टॉवेल, नारळ पिशवीत तळाशी दडवले. दारात पुष्पाने माझ्याकडे एकदाच पाहिले. कपाळावरचा टिळा पुसायचा राहिला होता. रहिमाबी म्हणाल्या, "मुबारक हो, पुष्पाताई!" आणि आमच्याकडेही साखर वाटली गेली. येत्या रविवारी नरडाण्याची मंडळी कुंकू लावायला येत आहेत. रूपा माझ्यापुढे चहा ठेवते, पण नाना म्हणत नाही. चहात साखर बरोबर असते, त्याचेच जास्त वाईट वाटते. भाऊ, मी फार थकलो आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, केळीला काय सांगावे ते आपणच ठरवावे.

आपला,
दाजी

ता. क. आपल्याकडे एक काम होते. गेली कित्येक वर्षे आपण प्रत्येक लग्नाच्या पंगतीत म्हणत आला आहात की आमची पुष्पा वेड्याच्या घरात पडली. तेच एकदा नरडाण्याला जाऊन, न हसता सांगावे. आणि असले घराण्यात उतरते, असेही हळूच जोडावे. काळा चष्मा लावून जेवलो तेव्हा मगनभाऊंच्या मंडळींनी माझ्याकडे काळजीने पाहिले होते, म्हणजे जमीन तयार आहे. मात्र रूपाला नाव ठेवू नये. सगळे माझ्यावर घालावे. रविवारच्या आत.

ता. क. दुसरे. मुलगा खरोखर चांगला आहे. त्याच्यासाठी आपण दुसरे स्थळ मनापासून पाहावे. शक्यतो कविता ऐकणाऱ्यांच्या घरातले.

ता. क. तिसरे. मगनभाऊ सरळ मनाचे आहेत. एवढा शिकला-सवरलेला मास्तर वेडा कसा असेल, म्हणून आपल्याशी वाद घालतील. आपण वाद घालू नये. हे पत्र त्यांना वाचायला द्यावे.