फरे गरम राहतील तेवढ्याच दूर

बूढापारा, रायपूर
६ जानेवारी २०२५

ती. सुजातामावशीस,
चेतनाचा सविनय जयभीम वि. वि.

फोनवर बोललं की आई स्वयंपाकघरातून कान लावते, म्हणून पत्र. मावशी, मी आनंदानं वेडी होऊन राहिली! पुण्याच्या प्रशिकचं आईला सांगून टाकलं. पोरगा आवडला म्हणे, पण पुणं फार दूर. तिचा कायदा तुला ठाऊकच आहे: फरे डब्यात गरम राहतील तेवढ्याच दूर पोट्टी द्यायची. तांदळाच्या पिठाचे ते वाफवलेले फरे थंड झाले की किती चिवट होतात! यामिनीताईला म्हणूनच तासाभरावरच्या भिलाईला दिली.

मी म्हटलं, रेल्वेनं एक रात्र अन् अर्धा दिवस जातो, पण विमानाला नऊशे किलोमीटरसुद्धा नाहीत, दोन तासांत पुणं. तर बाई कंबर कसून उठली! मीच डबा घेऊन जाते म्हणाली. फरे गरम निघाले तर हव, थंड निघाले तर विषय बंद. (हव म्हणजे आमच्याकडे ‘हो’, विसरली असशील.) विमानात पहिल्यांदाच बसून राहिली, सांभाळ तिला. प्रशिकलाही बोलावून ठेव. माझा जीव टांगणीला लागलाय.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी लाडकी,
चेतना

कोथरूड, पुणे
१९ जानेवारी २०२५

चि. चेतनास अनेक आशीर्वाद.

तुझी आई म्हणजे कहर आहे गं! विमान दोन तासांत आलं, पण आधी विमानतळावर बसायचं, नंतर आमच्या पुण्याचं ट्रॅफिक, ते कोण मोजणार? तपासणीवाल्या बाईनं डबा उघडला, तर वाफ जाते म्हणून तिलाच रागावली म्हणे.

घरात पाऊल टाकताच तिनं प्रशिकला फरे वाढले. मी हळूच बोट लावून पाहिलं. थंडगार! प्रशिकनं एक तोंडात टाकला आणि चावतच राहिला. गरम आहेत का, तुझ्या आईनं विचारलं. तो म्हणाला, हव. मी मेली पुण्यात राहून बिघडले, मला वाटलं अजून हवं, म्हणून आणखी वाढले. तिनं पुन्हा विचारलं, तो पुन्हा हव, मी पुन्हा वाढले! बिचाऱ्यानं डबा संपवला. शेवटी तुझ्या आईनं हव कुणी शिकवलं विचारलं, तर लाजून म्हणाला, चेतना फोनवर सारखं तेच म्हणते, मलाही सवय लागली.

तुझी आई मात्र पदर तोंडाशी धरून बसली होती. आज परत निघाली. तिच्या मनात काय आहे, मला कळेना. धीर धर बाळा.

पत्र टाकत जा, मावशीला विसरू नको.
तुझी,
सुजातामावशी

बूढापारा, रायपूर
२२ जानेवारी २०२५

चि. प्रशिकराव यांस,
अंजनाबाईचा जयभीम.

फोनवर मले रडू येते, म्हणून लिहून राहिली. फरे थंड होते, बापा. मले का माहीत नव्हतं? विमान उडाच्या आधीच मी डब्याले हात लावून पाह्यला. मनात म्हटलं, बरं झालं, पोट्टी आता जवळच राह्यते. अन् तुम्ही सारा डबा खाऊन टाकला, वरून हव म्हणता! मी तं पदर तोंडाशी धरून हसत होती.

चेतना मी आल्यापासून माह्या मागं मागं फिरून राहिली. तिले काही सांगितलं नाही, तुम्हीच सांगा. लग्नाचं बोलाले घरचे सारे या. येतांनी तिकडचं काही गरम खायचं डब्यात आणजा. कसंही निघालं तरी मीबी हव म्हणीन.

लोभ असूच द्या.
तुमची होणारी सासू,
अंजनाबाई