जास्तीचा खोकला

३ ऑगस्ट, सोमवार

सकाळी राजधानीतून, मासेरूहून, निघाले, दुपारी दोनला हा-मोत्साने गावात पोचले. दवाखाना लहान पण स्वच्छ आहे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, मागच्या बाजूला परिचारिकेची, म्हणजे आता माझी, खोली. ऊन छान होतं. पीचच्या झाडांना फुलं यायला लागलीत. संध्याकाळी सासूबाईंकडे जेवले. त्यांनी पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि पालेभाजी दोनदा वाढली आणि शहरात राहून मी काटकी झाले म्हणाल्या. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

ही बदली मी मागून घेतली. मोहाउचं, माझ्या नवऱ्याचं, हे गाव. तीन वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत दरड कोसळली, त्यात तो राहिला. सापडला नाही. पुरायला काही नाही, म्हणून माझ्या बाहीवर अजून दुखवट्याचं काळं कापड आहे. आता घरच्यांनी ठरवलंय की २९ तारखेला, शनिवारी, त्याचं कांबळं पुरायचं. त्या पाळीला त्याच्याबरोबर असलेले पाचजण थडग्याशी उभे राहतील. पाद्री नाव घेतील, मग एक मिनिट कुणी आवाज करायचा नाही. त्यानंतर माझं कापड उतरेल.

अडचण एवढीच की ते पाचही जण मिनिटभर खोकल्याशिवाय राहू शकत नाहीत.

५ ऑगस्ट, बुधवार

पाचही आले. दगडाची धूळ बसून त्यांच्या फुप्फुसांवर वण पडलेत. वण जात नाहीत. थुंकीची तपासणी झाली आहे, क्षय कुणालाच नाही. म्हणजे उरला तो नुसता खोकला, आणि तो बरा करायचा नसून निम्म्यावर आणायचा.

त्यांच्यात मोठे न्ताते मोखेले; इथे मानानं पुरुषाला न्ताते म्हणतात, बाईला म्मे. बोलण्यात कुणाला हार जाणार नाहीत. मला म्हणाले, म्मे मालिनेओ, चर्चमध्ये आमचा वेगळा गायनगट आहे, फक्त सुरुवात कधी करायची ते ठरलेलं नसतं, म्हणून पाद्री आम्हाला बाहेर बसवतात. बाकीचे हसले आणि हसण्यातून खोकल्यात गेले. सगळ्यांत धाकटे न्ताते रामोहापी. ते हसले नाहीत. माझ्याकडे पाहतही नव्हते.

उबळ आली की आवंढा गिळायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, नाकानं सावकाश श्वास घ्यायचा, असं शिकवलं. झोपताना उशाकडची बाजू उंच करा, घरात शेणाच्या गोवऱ्यांचा धूर कोंडू देऊ नका, हेही सांगितलं. मोखेले म्हणाले, धुराचं आमच्या बायकोला सांगा, आमचं ती ऐकत असती तर आम्ही खाणीत कशाला गेलो असतो.

१० ऑगस्ट, सोमवार

पहिली मोजणी. सकाळी दहा ते अकरा. प्रत्येकाला एक कार्ड दिलं. खोकला आला की आपल्या कार्डावर एक रेघ. माझ्या हातात बटण दाबून मोजायचं यंत्र, खोलीतल्या प्रत्येक खोकल्याला एकदा.

पाच कार्डांची बेरीज २१२. माझ्या यंत्रावर २१९. रेघा मारायला आळस करू नका म्हणून सांगितलं. मोखेले म्हणाले, म्मे, आम्ही खाणीत गाड्या मोजल्यात, चूक तुमच्या अंगठ्याची असेल.

१३ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टर येऊन गेले. मॉर्फिनचं अगदी कमी मात्रेचं औषध सुरू केलं. पोट साफ होत नाही म्हणून सोबत त्याचंही औषध. मोजणीतल्या फरकाबद्दल विचारलं. ते म्हणाले, पाच-सात इकडेतिकडे होणारच. खरं आहे. पण मला हिशेब जुळलेला आवडतो.

१८ ऑगस्ट, मंगळवार

औषध लागू पडलं. कार्डांची बेरीज १०४. एकजण म्हणाले, खोकला थांबला पण पोटही थांबलं, आता माणूस नुसता भरतोय. मला आनंद व्हायला हवा होता.

यंत्रावर १२३. आज मी स्वतः प्रत्येकाकडे पाहून दाबत होते. एकोणीस वेळा खोकला आला आणि समोरच्या पाचांपैकी कुणाचं तोंड हललं नव्हतं. आवाज वजनकाट्यामागच्या भिंतीकडून आला. भिंतीमागे बटाट्याचं शेत आहे. जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं.

पत्रा तापला की वाजतो. तसं काही असेल.

२० ऑगस्ट, गुरुवार

आज फार चिडले. कुणीच आलं नाही, म्हणून मोखेलेंच्या घरी गेले. भर दुपारी दार लावून पाचही जण आत. ओल्या गोवऱ्या पेटवून त्या धुरात मुद्दाम बसलेले. डोळ्यांतून पाणी, घशातून खोकला. औषधाची बाटली दाराबाहेर ओतलेली, माती अजून ओली होती.

इतकी वर्षं नोकरी केली, रुग्णावर असं कधी ओरडले नव्हते. विचारलं, मोहाउसाठी एक मिनिट गप्प राहणं एवढं जड आहे का? आपल्या घासातला घास त्यानं तुम्हाला दिला होता. मोखेलेंनी पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला दुसरं काम नाही का? आम्हाला आमचा खोकला राहू द्या.

२४ ऑगस्ट, सोमवार

रामोहापी एकटे आले. औषध घेतलं होतं. अर्धा तास खोकले नाहीत, नुसते बसून होते. भिंतीकडचा खोकला तेवढ्यात चौदा वेळा आला. मी मोजत होते हे त्यांनी पाहिलं. मग बोलले. जसं बोलले तसं लिहिते.

दरड पडल्यावर तिसऱ्या दिवशी शोधपथक आलं. हे पाचजण दगडांच्या अलीकडे, मोहाउ पलीकडे. पथकाच्या प्रमुखानं सगळ्यांना गप्प केलं, आतून काही ऐकू येतं का पाहायला. आतून खोकला आला. प्रमुखानं विचारलं, हा कुठून आला? वरचा दगड करकरत होता, आणखी थांबलं असतं तर तोही आला असता. मोखेले म्हणाले, मी खोकलो, आम्हा सगळ्यांनाच आहे. बाकी चौघे काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा आला. मोखेलेंनी पुन्हा हात वर केला. मग सगळे वर आले.

मला तेव्हा कळवलं होतं की आतून कसलाही आवाज आला नाही.

रामोहापी म्हणाले, आम्ही खोकत असतो तोवर तो ऐकू येत नाही, म्मे. तुम्ही आम्हाला गप्प केलंत.

२५ ऑगस्ट

दवाखाना उघडला नाही.

२६ ऑगस्ट

मोखेलेंकडे गेले. सांगितलं, शनिवारी औषध घेऊन यायचं आणि गप्प उभं राहायचं. सगळ्यांना ऐकू दे. माझ्यासमोर, त्याच्या आईसमोर. ते रडले. मी नाही. पाचांनी शब्द दिला.

आज दवाखान्यात मी एकटीच होते. दहा ते अकरा. एकशे सहा.

२७ ऑगस्ट

ताप नाही, मला स्वतःला खोकला नाही. तपासून पाहिलं. आवाज माझा नाही.

तो आता भिंतीकडून येत नाही. फरशीखालून येतो. मी खुर्ची हलवली की —

सासूबाईंना सांगायला गेले. त्या बैल कापायला कोण, पाव किती, याच गडबडीत होत्या. तीन वर्षांनी त्यांचा चेहरा सैल दिसला. सांगितलं नाही.

२९ ऑगस्ट, शनिवार

लिहायला हवं.

साठ-सत्तर माणसं. वारा नव्हता. कांबळं पेटीत, पेटी खड्ड्यात. पाचही जण आले, औषध घेऊन. पाद्रींनी नाव घेतलं. शांतता. पाच जणांपैकी कुणी श्वासही मोठा घेतला नाही. मला हवं होतं अगदी तसं.

मग खड्ड्यातून खोकला आला. दोन छोटे, एक लांब, मग आवंढा. तेरा वर्षं मी तो शेजारी ऐकला आहे. सगळ्यांनी ऐकला. पाद्रींनी पुस्तकातून डोळे वर काढले. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनीही तो ओळखला होता. मी काय म्हणते त्याची त्या वाट पाहत होत्या.

मोखेलेंनी हात वर केला. म्हणाले, माफ करा, मीच तो.

सासूबाई अजून माझ्याकडेच —

मी मान हलवली. हो म्हणून. खड्ड्यात वाकून पाहण्याचं धाडस — नाही, तेही नाही. त्यांनी पुढे चालू द्यावं एवढंच वाटलं. संपावं.

पुरुषांनी फावडी घेतली. माती, मग दगड. दगड पडत असताना तो पुन्हा आला. मग कुणीच विचारलं नाही.

दुपारी कापड उतरवलं.

३० ऑगस्ट

सासूबाई बोलत नाहीत. जेवण दाराबाहेर ठेवून गेल्या.

३१ ऑगस्ट

मोजत नाही. यंत्र डब्यात ठेवलं. तरी अंगठा —

गिळ. घोट घे. नाकानं श्वास. मीच शिकवते आहे. कुणाला, ते लिहीत नाही. मिनिटभर थांबतं. मग दगड सरकल्यासारखं. मग पुन्हा, आधीपेक्षा वर.

२ सप्टेंबर

रामोहापी काल गेले. शेवटी खोकतच नव्हते, असं त्यांची बायको म्हणाली. कान झाकून बसले होते.

उरलेले चौघे पुन्हा धुरात बसतात. मला बोलावलं. गेले नाही.

३ सप्टेंबर, सकाळ

लख्ख ऊन आहे. खोलीत मी एकटी. पहाटेपासून रेडिओ मोठ्यानं लावलाय, गाणी, बातम्या, काहीही. आता आवाज बारीक होत चाललाय. सेल संपलेत. नवे आणलेत, बदलायचे म्हणजे बंद करावा लागेल. दोनच सेल. अर्धं मिनिट लागेल.

बंद केला. पहिला घातला. दुसरा