धबधब्याला जाऊन आले

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळी.
रविवारी सगळ्यांनी गौताळ्याच्या जंगलात जायचं ठरलं. माझं माहेर सोयगावचं, म्हंजे ते जंगल माझंच. नात तनुजाला सांगून टाकलं, धबधबा मीच दाखवणार. सून सोनिया म्हणाली, आई, लई पायऱ्या हायत, तुम्ही गाडीतच बसा. चढूनच दाखवते. आजपासून रोज पडेगावच्या नाक्यापर्यंत चालायची प्रॅक्टिस. आज नको, डाळ भिजत घातलीय. उद्या.

बुधवार.
निघाले होते. शेजारच्या द्वारकाबाईनं हाक मारली. तिच्या ओट्यावर बसले, तिच्या जावयाचं पुराण संपंना. पण बसल्या बसल्या पाय हलवत होते. ते पण चालण्यात धरायचं.

शुक्रवार, ७.
तनुजानं स्पोर्ट शूज आणले. साडीखाली झ्याक दिसतात. देवघर ते मोरी, मोरी ते देवघर चालले. दम लागला नाय. द्वारकाबाईला सांगितलं तर म्हणती, व्हय बाई, मोरीपर्यंत कुणीबी चढतं. जळती ती.

रविवार. गाडीत, परतताना.
पाच-सहा पायऱ्या झपाझप चढले. मग पाय बधिर झाले. दुखत नव्हते, काहीच कळत नव्हतं, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. सागाखाली बसले. म्हटलं, व्हा पुढं, मी आलेच. वर महादेवाचं देऊळ हाय, म्हणून लोक खालीच चपला काढतात. एक बाई म्हणाली, आजी, माझ्या चपलांकडं बघा जरा. तिचं बघून बाकीच्यांनीबी माझ्यापुढं ठेवल्या. मी जोड्या लावत बसले. एवढा मान कुणी दिला नव्हता. एक माणूस म्हणाला, मावशी, टोकन नाय देत का? म्हटलं, तोंड ध्यानात ठेवते. लई आनंद झाला. म्हंजे झालाच असंल, कारण आमची माणसं कधी उतरली, कळलं नाय.

सोमवार. दुपारी.
द्वारकाबाई मेथी निवडत बसली होती, तिला धबधबा सांगितला. पाणी कसं कोसळत होतं, तुषार कसे तोंडावर येत होते, मी तनुजाचा हात धरून कशी उभी होते. तनुजा तिथंच मोबाईल बघत होती. मान वर न करता म्हणाली, आजी, पाणी नव्हतंच गं. आटलंय सगळं.
आता द्वारकाबाई टोमणा मारणार, म्हणून वाट बघितली. मारला नाय. मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढं सरकवली.
निवडली.