अशक्त माणसाचं कढण

आप्पा, आपल्या नाशिक रोडच्या खानावळीवर तुम्ही नवा बोर्ड लावलात तो मी हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश घेतला त्या वर्षी. पेंटरने ‘खानावळ’ पुसून ‘रेस्टॉरंट’ लिहिलं आणि तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडून ते बघत राहिलात. मग हळूच मला विचारलंत, “ह्याचा अर्थ काय गं? कोनी इचारलं तर सांगाया नको?” मी म्हटलं, “खानावळच, फक्त भाव जरा जास्त.” तुम्ही हसलात आणि भाव काही वाढवले नाहीत. आईने कपाळाला हात लावला.

दोन वर्षांनी तुमच्या घशाचं दुखणं निघालं. आधी भाकरी सुटली, मग भात. गिऱ्हाइकाला आग्रह केल्याशिवाय पानावरून उठू न देणारा माणूस, आणि त्याच्यापुढे मी मुगाचं गाळलेलं कढण घेऊन बसलेली. अंगात ताकद आली तरच पुढचे उपचार करता येतील, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तुम्ही दोन चमचे घेता आणि मान फिरवता, “नाय उतरत गं.” मी चिडते, मग चिडल्याचं वाईट वाटून घेते. एका सकाळी मात्र तुम्ही आख्खी वाटी संपवलीत. डोळ्यांतून पाणी येत होतं. “लय भारी झालंय. तरतरी आली बघ. जा तू आता कालेजला.” पण उपचारांपर्यंत गोष्ट गेलीच नाही. महिन्याच्या आत तुम्ही गेलात.

आता मी इथल्याच एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये आहे. विंचूरला वाइनचे कारखाने आल्यापासून परदेशी पाहुणे येतात. परवा त्यांच्यातला एक म्हातारा फ्रेंच आचारी आम्हाला शिकवायला आला होता. तो म्हणाला, त्यांच्याकडे रेस्टॉरंट हे आधी जागेचं नाव नव्हतंच. आजाऱ्याला, थकलेल्याला ताकद यावी म्हणून मांस उकळून काढलेला पातळ रस म्हणजे रेस्टॉरंट, माणसाला पुन्हा उभं करणारं. तो रस विकणाऱ्या दुकानांना ते नाव मागाहून चिकटलं. मी उठून कोल्ड रूममध्ये गेले आणि रडले. सगळ्यांना वाटलं, मटार आणायला गेले. तुम्ही विचारलंत तेव्हा मला हे ठाऊक असायला हवं होतं. तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं असतं.

हे लिहिलेलं आईला दाखवणार नाही. तिला वाटतं, मला काही कळलं नव्हतं. त्या सकाळी चपला घालताना दाराबाहेर मला तुमच्या उलटीचा आवाज आला होता, आप्पा. मी आत आले नाही. माझ्यासाठी तुम्ही एवढं पिऊन दाखवलं होतंत, ते वाया गेलेलं मी पाहिलं असं तुम्हाला वाटू नये, म्हणून तशीच चालू लागले. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःहून वाटी मागितलीत, आणि मी काठोकाठ भरून दिली.